पौडेल गुरुजींचं मशीन

आमच्या साउथहॅम्प्टनच्या मंडळातली जवळजवळ सगळी घरं डॉक्टरांची. कुणी हाडांचे, कुणी कानाघशाचे, मी बाळंतपणांची. आपापला विषय कोळून प्यायलेली माणसं, पण गणपती बसवायचा म्हटलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. म्हणून आम्ही पुण्याहून आणलेली पूजेची कॅसेट लावायचो. त्र्याऐंशी साली ती कॅसेट ऐन प्राणप्रतिष्ठेत टेपरेकॉर्डरने खाल्ली. आतल्या गुरुजींचा आवाज आधी घोगरा झाला, मग रेड्यासारखा झाला, मग बंदच पडला. आमचे अध्यक्ष डॉक्टर सबनीस, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, सोवळं नेसून हातात दूर्वा धरून तसेच बसलेले. बायका तोंडाला पदर लावून हसतायत, पोरं हॉलभर उधळलीयत, आणि हॉलचा केअरटेकर दारात उभा राहून मनगटावरचं घड्याळ दाखवतोय. तेवढ्यात मागच्या खुर्च्यांमधून कुणीतरी तो मंत्र जिथे तुटला होता तिथूनच उचलला. संथ, स्वच्छ, जरा वेगळ्या सुरात.

आम्ही माना वळवल्या. आमच्याच हॉस्पिटलातले भूल देणारे डॉक्टर पौडेल! नेपाळी माणूस. मी त्यांच्याबरोबर रोज ऑपरेशन थिएटरमध्ये काम करत होते आणि मला पत्ता नव्हता.

"अहो, तुम्हाला हे सगळं पाठ आहे?" अण्णा थक्क होऊन म्हणाले.

"आमच्या घरी हेच तर चालत होतं नं," ते म्हणाले. "आजोबा हेच करत, वडील हेच करत. मीच एक बिघडलो, डॉक्टर झालो."

आणि हे चक्क मराठीत! त्यांचं एमबीबीएस नागपूरला झालं होतं. होस्टेलच्या मेसमध्ये शिकलेली ती मराठी, त्यात 'करून राहिलो' आणि 'काहून' ठासून भरलेलं. आम्हा पुण्याच्या लोकांना ऐकायला फार गोड वाटायची. त्या दिवसापासून ते पौडेल गुरुजी झाले. गणपती, सत्यनारायण, बारसं, मुंज, नव्या घराची वास्तुशांत, सगळं त्यांच्याकडे. त्यांची बायको बरीच वर्षांपूर्वी गेली होती, मुलगी लंडनला शिकत होती, त्यामुळे आमचीच घरं त्यांची झाली असं आम्ही म्हणायचो. अण्णा तर कुणाशीही ओळख करून देताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "हे आमचे गुरुजी. तसे नेपाळचे, पण आपलेच."

गुरुजी यावर हसायचे. होही नाही, नाहीही नाही.

माणूस अंगाने लहानखुरा, चालणं मांजरासारखं. खोलीत कधी आले ते कळायचं नाही. थिएटरच्या कॉफी रूममध्ये खिडकी उघडायची झाली तर आधी डावीकडच्याला विचारणार, "तुम्हाला चालेल?" मग उजवीकडच्याला विचारणार, "आणि तुम्हाला?" दोघं हो म्हणाले तरी इंचभरच उघडणार. पंगतीत दुसऱ्यांदा काही मागून घेतील तर शपथ. आपण वाढलं तर मात्र पुरणपोळी मन लावून खायचे. आमच्या घरी माझा नवरा म्हणायचा, "गुरुजी, अहो स्वतःचं घर समजा." त्यावर ते म्हणाले होते, "स्वतःच्या घरी पण मी विचारूनच घेतो."

त्यांच्या गाडीत बसणं ही तर शिक्षाच. इथले राउंडअबाउट, म्हणजे बिनसिग्नलचे गोल चौक, तुम्हाला माहीत असतील. उजवीकडून येणाऱ्याला जाऊ द्यायचं, जागा दिसली की घुसायचं. गुरुजी उजवीकडच्याला जाऊ देत, मग त्याच्या मागच्याला, मग लांबवर एखादी गाडी नुसती दिसली तर तिलाही. मागे हॉर्नचा नुसता कल्ला. एकदा आम्हाला लंडनमध्ये ईलिंगला एका लग्नाला जायचं होतं. पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि लोक जेवायला बसले होते. मी वैतागून म्हटलं, "गुरुजी, अहो नियमाप्रमाणे तुमचाच टर्न होता!"

"होता नं," ते शांतपणे म्हणाले. "पण ट्रक मोठा होता."

तेव्हा मी खो खो हसले. पुढे नाही हसू आलं.

रविवारी सकाळी ते हमखास बंदराच्या धक्क्यावर, टाउन कीवर भेटायचे. थर्मासमधून चहा आणायचे आणि कंटेनरची जहाजं बघत बसायचे. मला वाटायचं, डोंगरातला माणूस, समुद्राचं अप्रूप असेल. होतंच. पण एकदा ते जे बोलले ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणाले, "ताई, तुमच्या लोकांना हे दार घरातच मिळालं. आम्हाला पसाभर मीठ जरी बाहेरून आणायचं असलं, तरी आधी कुणाच्या तरी अंगणातून जावं लागतं. अंगणवाला खूश आहे की नाही, हे रोज बघावं लागतं."

त्यांचं गाव नेपाळच्या पश्चिमेकडच्या डोंगरात. रस्ता संपतो तिथून पुढे दोन दिवसांची पायवाट. धाकटा भाऊ माधव, तो सर्जन. सगळे मित्र परदेशी गेले, हा पठ्ठ्या गावी परतला. गावाने त्याला दगडी भिंतींची एक खोली बांधून दिली होती, ऑपरेशन करायला. माधवचा हात चांगला होता, पण भूल द्यायला साधन नव्हतं. पोटावरचं मोठं ऑपरेशन करता येत नव्हतं. बाई अडली की तिला पाठीवरच्या टोपलीत बसवायचं, टोपलीचा पट्टा कपाळाला लावायचा आणि गड्याने डोंगर उतरायला लागायचं. गुरुजींची थोरली बहीण अशीच वाटेत गेली. हे त्यांनी मला एका सिझेरियननंतर हात धुताना सांगितलं, जसं आपण बस चुकली म्हणून सांगतो तसं. मी बाळंतपणं करणारी बाई. टोपलीत बसलेल्या त्या बाईचं काय होत असेल हे मला कुणी समजावून सांगायला नको.

आणि मग अठ्ठ्याऐंशीच्या शेवटी गुरुजींना मशीन मिळालं. आमच्या काउंटीतलं, म्हणजे जिल्ह्यातलं, एक छोटं हॉस्पिटल बंद होत होतं. तिथे भूल देण्याचं एक जुनं पण उत्तम मशीन अडगळीत पडलं होतं. पेटीत मावणारं. वीज नको, सिलिंडरवाचूनही भागतं, साध्या हवेवर चालतं. इथे त्याला कुणी विचारत नव्हतं. माधवच्या खोलीसाठी मात्र ते जणू मापाने शिवलेलं होतं. इतक्या वर्षांत मी गुरुजींना त्या एकाच दिवशी मोठ्याने बोलताना ऐकलं. कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकावरून ते ओरडले, "ताई, मिळालं!"

अख्खं मंडळ कामाला लागलं. अण्णांच्या गराजमध्ये पॅकिंग झालं. गुरुजींनी एकेक नळी स्वतः पुसली, सुटे भाग वेगळे बांधले. बायकांनी बाळांचे स्वेटर विणून घातले, दुपटी घातली, कुणीतरी मेतकूटही घातलं. सामान मंडळाच्या नावाने पाठवायचं ठरलं, कारण मंडळ रजिस्टर्ड चॅरिटी होतं आणि त्यामुळे सगळं सोपं जात होतं. जहाज कलकत्त्याला, तिथून ट्रकने सरहद्दीवर रक्सौल, तिथून वर. क्रेट गोदीकडे गेलं तेव्हा अण्णांनी नारळ फोडला. अण्णांना असल्या गोष्टींची फार हौस.

क्रेट समुद्रात असतानाच एकोणनव्वदच्या मार्चमध्ये आपल्या सरकारने नेपाळची बहुतेक नाकी बंद केली. करार संपला होता, नवा होत नव्हता. खरं दुखणं निराळं होतं, नेपाळने चीनकडून तोफा घेतल्या होत्या. काठमांडूत केरोसीन मिळेना, लोक झाडं तोडून चूल पेटवायला लागले. उघड्या राहिलेल्या एकदोन नाक्यांवरूनही माल हलेना, आणि आमचं क्रेट कलकत्त्याला उतरलं ते तिथेच बसलं.

अण्णांकडे त्या सुमाराला एक जेवण झालं. तिथे विषय निघालाच. अण्णांचा पुतण्या दिल्लीत संरक्षण खात्यात, त्यामुळे अण्णांना सगळं आतलं कळतं असा त्यांचा समज.

"गुरुजी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," अण्णा श्रीखंड वाढत म्हणाले, "पण हा आमच्या सुरक्षेचा प्रश्न आहे हो. उत्तरेला एवढा मोठा शत्रू, मधे तुम्ही. तुम्ही मधे नीट राहिलात तर सगळं शांत. चीनकडून तोफा कशाला घ्यायच्या?"

"मी नाही घेतल्या, अण्णा," गुरुजी म्हणाले. "मी फक्त मशीन घेतलं."

सगळे हसले. त्यांना वाटलं, विनोद झाला.

"तसं नाही हो! लहान देशाने कसं शहाण्यासारखं वागावं म्हणतो मी."

"वागतो नं. दोन्हीकडे विचारून वागतो. पण दोघांची उत्तरं निराळी येऊन राहिली, तर काय करायचं, हे कोणी सांगत नाही." मग त्यांनी वाटी पुढे केली. "श्रीखंड छान झालं आहे."

मी टेबलाखालून नवऱ्याला लाथ मारली, काहीतरी बोल म्हणून. त्याने पाय आखडून घेतला.

पुढचे महिने गुरुजींनी काय काय केलं ते मी पाहिलं. लंच अवरमध्ये स्वतःच्या खोलीतून फोन, मग पुन्हा फोन. कलकत्त्याला, काठमांडूला. कुठेही आवाज चढला नाही. माधवची खोली तयार होती, टेबल तयार होतं, आणि तो रोज विचारत होता, आलं का? गुरुजी म्हणायचे, "येईल. दोघं मोठे आहेत, कधीतरी थकतील."

ऑगस्टमध्ये गणपतीच्या तयारीची मीटिंग होती, पुन्हा अण्णांकडेच. अण्णांनी दारातच सगळ्यांना बर्फी दिली, मुद्दाम ईलिंगला जाऊन आणलेली. चेहरा असा फुललेला की मला वाटलं मुलीचं लग्न ठरलं.

"गुरुजी, तुमचं मशीन सुटलं!"

गुरुजी उठून उभेच राहिले. मी पण टाळी वाजवली, खोटं कशाला सांगू.

"माझे साडू कलकत्त्याला क्लिअरिंगच्या धंद्यात आहेत," अण्णा सांगायला लागले. "त्यांना म्हटलं, अहो, चांगली वस्तू गोदीत सडतेय, काहीतरी करा. ते म्हणाले, नेपाळचं नाव आहे तोवर हलणार नाही, पण भारतातल्या हॉस्पिटलला दान म्हणून असेल तर लगेच सोडवतो. मग काय! आपल्या साताऱ्याकडे माझ्या मित्राचा ट्रस्ट आहे, गरिबांसाठी हॉस्पिटल चालवतात. मंडळाचंच नाव होतं, मी सही करून टाकली. परवा पोचलं. सडण्यापेक्षा आपल्याच माणसांच्या कामी आलं की नाही?"

खोलीत कुणी तरी "वा!" म्हटलं. खरंच म्हटलं.

गुरुजी हळूच खाली बसले. हातात बर्फी होती. "कोणत्या गावी?" त्यांनी विचारलं. अण्णांनी गावाचं नाव सांगितलं. "चांगलं झालं," गुरुजी म्हणाले. "वस्तू वापरात असली पाहिजे." आणि त्यांनी ती बर्फी खाल्ली. सगळी खाल्ली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अण्णा, तुम्ही विचारलंत का त्यांना?"

"अगं विचारायचं काय त्यात?" अण्णांना खरोखरच कळत नव्हतं. "गुरुजी काय परके आहेत? आपलेच आहेत!"

अण्णा वाईट माणूस नव्हता हो. माझ्या सासूबाईंच्या आजारपणात रात्ररात्र बसलेला माणूस तो. लबाडी नाही, स्वार्थ नाही, पण विचारायचं असतं हे त्या भल्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही. पुढच्याच वर्षी नाकी उघडली. थोडा धीर धरला असता तर! पण धरला नाही, त्याला आता काय करणार.

घरी जाताना मी गाडीत गुरुजींवरच भडकले. "तुम्ही गप्प कसे बसलात? भांडायचं होतं तिथल्या तिथे!"

"भांडलो असतो ताई. मग पुढचं सामान कोणत्या रस्त्याने नेऊ?"

त्या वर्षीही गणपती त्यांनीच बसवला. मंत्रात एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

एक्याण्णवच्या दिवाळीत त्या ट्रस्टचे चेअरमन इथे मेडनहेडला मुलीकडे आले होते. अण्णांनी त्यांना आमच्या कार्यक्रमाला आणलं, हार घातला, आणि त्यांनी आणलेली व्हिडिओ कॅसेट हॉलमध्ये टीव्हीवर लावली. हॉस्पिटलची इमारत, रुग्णांची रांग, मंत्र्यांची भेट. आणि मग आमचं मशीन. टेबलावर ठेवलेलं, झेंडूची माळ घातलेलं, पेटीवर हळदीकुंकवाची बोटं. "दर दसऱ्याला याची पूजा करतो," चेअरमन अभिमानाने म्हणाले. "साउथहॅम्प्टनचा प्रसाद आहे आमचा." टाळ्या पडल्या.

मला दिसलं ते टाळ्या वाजवणाऱ्यांना दिसलं नसेल. नळ्या अजून प्लास्टिकच्या पिशवीत होत्या. पेशंटला हवा द्यायला दाबतात तो फुगा पाकिटातून काढलेलासुद्धा नव्हता. दोन वर्षांत ते मशीन एकदाही वापरलं गेलं नव्हतं. मी गुरुजींकडे बघितलं. ते उठले होते.

"साहेब, यावर भूल कोण देतं?"

"त्याचं असं आहे," चेअरमन म्हणाले, "आम्हाला भूल देणारा डॉक्टर मिळाला नाही. पण काही अडत नाही हं. केस आली की जीपने साताऱ्याला. पाऊण तासात पोचतो. रोड आता एकदम झकास झालाय."

"पाऊण तास," गुरुजी म्हणाले. मग त्यांनी घसा साफ केला. "साहेब, मग ते मशीन आम्हाला परत द्याल का? माझा भाऊ अजून गावातच थांबला आहे. खोली तयार आहे. आता रस्ता पण उघडा आहे. मी सुटी काढून स्वतः येईन, स्वतः उचलून नेईन. तुम्हाला काही तोशीस नाही."

सबंध आयुष्यात या माणसाने स्वतःसाठी मागितलेली, मला माहीत असलेली, ही एकच गोष्ट. चेअरमन मनापासून हसले.

"गुरुजी, गंमत करता राव! दान दिलेली, माळ घातलेली वस्तू कुणी परत मागतं का?"

अण्णाही हसले. "गुरुजींना आपण दुसरं एखादं शोधून देऊ, काय मंडळी?" सगळे हो हो म्हणाले. कुणीतरी फराळाच्या प्लेटा फिरवायला सुरुवात केली. गुरुजीही त्यांच्याबरोबर हसले, "सॉरी, सॉरी" म्हणाले, आणि खाली बसले.

मी किचनमध्ये अण्णांना गाठलं आणि जे तोंडात येईल ते बोलले. नळ्या, फुगा, सगळं सांगितलं. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानंतर त्यांनी मनापासून प्रयत्न केले, साताऱ्याला फोनावर फोन केले. तिकडून आधी 'बघतो' आलं, मग 'ट्रस्टींची मीटिंग होऊ दे' आलं, मग काहीच यायचं बंद झालं. दुसरं मशीन कुणी शोधलं नाही. दोन वर्षं वाट बघून माधव सौदीला निघून गेला. त्याला कोण दोष देणार? अण्णाही पुढे हार्ट अटॅकने गेले. त्यांच्या तेराव्याचं सगळं गुरुजींनीच केलं.

नंतर गुरुजींनी पूजा सांगणं हळूहळू सोडलं. गुडघे दुखतात म्हणायचे. मंडळात आता नवी पिढी होती, सीडी होती, कुणाचं काही अडलं नाही. थिएटरमध्ये मात्र ते येत होते.

त्यांच्याबरोबरची माझी शेवटची केस अठ्ठ्याण्णव सालची. पुढच्या आठवड्यात ते रिटायर होऊन मुलीकडे राहायला जाणार होते. सकाळी कार पार्कमध्ये भेटले. मी सहज विचारलं, गावाकडे काय म्हणतायत.

"डोंगरात माओवादी बंडखोर आले आहेत नं," ते म्हणाले. "गावात पोलीस चौकी झाली. माधवच्या खोलीतच. भिंती जाड आहेत, म्हणून त्यांना आवडली. खिडकीत वाळूची पोती रचली आहेत."

"म्हणजे बंदुका घेऊन बसलेत त्या खोलीत?"

"हो. पुष्कळ आल्या म्हणतात."

"इतक्या वर पोचल्या कशा?"

"खेचरांवरून. आपलं मशीन जाणार होतं त्याच रस्त्याने." त्यांनी गाडीचं दार लावलं, लागलं का ते ओढून बघितलं. "त्यांना कोणी अडवलं नाही, ताई."

तेवढ्यात माझ्या कमरेचा ब्लीप, म्हणजे हॉस्पिटलचा पेजर, वाजला. लेबर वॉर्डात एका बाईच्या बाळाचे ठोके उतरत होते. आम्ही दोघंही धावलो. गावातल्याच शर्ली भागातली तरुण मुलगी, घाबरून पांढरी पडलेली. गुरुजींनी तिच्या पाठीत सुई दिली, तिच्या डोक्याशी बसले, तिचा हात धरला आणि तिच्या आईचं नाव काय, घरी कुत्रा आहे का, असलं काहीबाही विचारत राहिले. मी पोट उघडलं. बाळ निळसर होतं, पण लगेच रडलं, चांगलं खणखणीत रडलं. नर्सने ते आईच्या गालाशी नेलं. ती हसत होती आणि रडत होती.

गुरुजींनी मास्कच्या वर माझ्याकडे बघितलं आणि तिथे दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून मराठीत म्हणाले, "किती सोपं आहे नं, ताई."

मी टाके घालत होते. डोळ्यांत पाणी आल्यामुळे पुढचा टाका मला नीट दिसत नव्हता. त्यांनी हात वर करून माझ्यावरचा दिवा थोडा जवळ ओढून दिला.